दारापर्यंतचा दम

दम लागलेला माणूस ओळखायला मला मशीन लागत नाही. बोटाला चिमटा लावायच्या आधी मी त्याला बोलायला लावते. नाव सांगा, गाव सांगा. ज्याला नाव, गाव आणि वर आमच्या दवाखान्याबद्दलची तक्रारही सांगता येते, त्याला बाकावर बसवायचं. ज्याचं नावच अर्ध्यात तुटतं, त्याला आधी आत घ्यायचं, केसपेपर नंतर. यात माझी काही वेगळी अक्कल नाही, सगळ्याच सिस्टरना हे शिकवलेलं असतं. मला फक्त त्याची खोड लागली. भाजीवाली भाव सांगायला लागली तरी माझं लक्ष तिच्या श्वासाकडं.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या दवाखान्यात मी नर्स आहे. मूळची पाथरीची, पण तिथं आता कोणी नाही. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारणारे सगळे थकले, त्यामुळं तो विषय मिटला. आई माझ्याजवळ राहायची. आमचं रोज वाजायचं. भाजीतलं मीठ, नळाचं पाणी, माझं उशिरा येणं, कशावरूनही. ती गेली आणि घरात भांडायलासुद्धा कोणी उरलं नाही. वॉर्डात दिवसभर माझं तोंड चालू असतं. टेकून बसा, नळी काढू नका, बोलू नका म्हटलं ना. पण ते काही बोलणं नव्हे, ते हुकूम. ड्यूटी संपवून कुलूप उघडलं की दुसऱ्या दिवशी दूधवाला येईपर्यंत तोंडातून शब्द निघायचा नाही. मला एकटं वाटायचं, सरळच सांगते. टीव्ही लावून ठेवायची मी, पण तोही बेटा आपलंच खरं करतो, आपलं ऐकत नाही.

अशा एका थंडीत मावशी दवाखान्यात आली, पेशंट म्हणून. राणीसावरगावाच्या पलीकडच्या खेड्यातली. घरी चूल आणि शाळेतही चूल, कारण वर्षानुवर्षं शाळेतल्या लेकरांची खिचडी हीच शिजवायची. बिडी-तंबाखूचं नाव नाही, पण धुरानं छाती पार खलास झालेली. मुलगा आणि सून दोन्ही बाजूंनी धरून आणत होते आणि ती मधेच थांबून, गुडघ्यांवर हात टेकून ओणवी होत होती. मी विचारलं, "मावशी, कसं जायचं तुमच्या गावाला?"

"राणी..." म्हणाली. मग श्वास घेतला. "सावरगाव..." त्यापुढं काही नाही.

पलंगावर बसवून टेबल पुढं ओढलं, त्यावर उशी ठेवली आणि तिला उशीवर झुकवलं. नाकात नळी लावली, ऑक्सिजन अगदी बेताचा सोडला. वाफ दिली. डॉक्टरबाईंनी तपासलं, इंजेक्शनं लिहून दिली. बाई वयानं लहान आहेत, पण समजावून सांगतात. मुलाला म्हणाल्या, "आईच्या छातीला कमी हवेची सवय झालेली आहे. मशीनवर नव्वदच्या आसपास आकडा राहिला तरी बास. शंभर करायचा नाही. काही दिवस बघू. नळीशिवाय श्वास धरला तर घरी सोडू. नाही धरला तर परभणीला हलवावं लागेल."

परभणी ऐकलं आणि मावशीनं माझं मनगट धरलं. तिच्या नवऱ्याला असंच मोठ्या दवाखान्यात हलवलं होतं आणि तो परत आला नव्हता, हे सुनेनं नंतर सांगितलं. "मला... घरी... जायचंय," एवढं बोलायला तिला तीनदा थांबावं लागलं.

"जायचंच हाय की," मी म्हणाले, "पण आधी गप बसा."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा खाऊन वॉर्डात आले, तर मुलगा दारातच भेटला. तोंडभर हसू. "सिस्टर, आईला लय शांत झोप लागली बगा. रातभर डोळा न्हाई लागला तिचा, आन् आता कशी झोपलीय."

अशा पेशंटची अशी शांत झोप मला आवडत नाही. जाऊन बघते तर मावशी उशीवर एका अंगाला कलंडलेली, तोंड लालसर, हात गरम आणि ओलसर, श्वास उथळ. हाक मारली तर नुसती हुंकारली. वर बघितलं, ऑक्सिजन किती सुटतोय ते दाखवणारी काचेतली गोळी पार टोकाला जाऊन बसलेली. ज्या घरात पाहुण्यानं ताटावर हात आडवा धरला तरी वाढणारा ऐकत नाही, त्या घरच्या मुलानं आईचा ऑक्सिजन वाढवला होता. आई तडफडती आहे आणि आपण तिला एवढुसंच कसं द्यायचं, असं त्याला वाटलं. मायेनंच केलं बिचाऱ्यानं. पण अशा छातीला जादा ऑक्सिजन झाला की श्वास मंदावतो, आतली खराब हवा आतच साठते आणि माणूस गुंगत जातो. ती झोप नसते.

गोळी जागेवर आणली. ऑक्सिजन बंद केला नाही, तोही उलटा धोका. डॉक्टरबाईंना बोलावलं, त्या धावत आल्या. मुलाला मी झापलं, "हे काय बुंदी हाय का, आग्रहानं वाढायला?" तो भिंतीला टेकून रडायला लागला, तेव्हा मलाच कसंतरी झालं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "सिस्टर, हिला जागं ठेवा. बोलतं ठेवा."

सगळी नोकरी पेशंटला गप बसवण्यात गेली आणि आता एकीला बोलतं करायचं होतं. मी तिच्या गालावर थापट्या मारल्या, खांदा हलवला. "मावशी, डोळे उघडा. मला तुमच्या गावाला यायचंय. कसं यायचं, सांगा." मला कुठं जायचं होतं! तोंडाला आलं ते बोलले.

"गंगाखेड..." ती बरळली.

"मंग? गंगाखेडाहून?"

"राणीसावरगाव... फाटा..."

"फाट्यावर उतरले. आता कुठं जाऊ? मी उभी हाय इथं उन्हात."

सांजेपर्यंत मी अशी फाट्यावर उभी होते. हळूहळू तिचे डोळे स्थिर झाले, शब्द जागेवर आले. शेवटी तिनं माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाली, "वढा... वलांडून... ये की. कामून... उभी ऱ्हायलीस?" मुलाच्या जिवात जीव आला. माझ्याही.

त्या दिवसापासून तोच रस्ता आमचा धडा झाला. आधी श्वास शिकवायचा. नाकानं घ्यायचा, ओठांचा चंबू करून हळूहळू सोडायचा, घेतला त्याच्यापेक्षा जास्त वेळ. म्हटलं, "समोर दिवा हाय असं समजा. ज्योत हलली पायजे, पण इझली न्हाई पायजे." सून भोळी, ती खरंच पिशवीतून काडेपेटी काढायला लागली. तिच्यावर ओरडले, ऑक्सिजनजवळ काडी ओढायची नसते, दिवा मनातल्या मनात. मावशीला मात्र दिव्याची गरजच नव्हती. "फुंकणीच की ही," ती म्हणाली. "जलमभर फुंकलं... तवा चूल पेटली. आता काय... पेटवायचंय?"

"आता जरा दमानं फुंका. चूल न्हाई, तुमीच पेटायच्या हाव," मी म्हणाले, आणि ती हसली. हसल्यावर खोकला आला, खोकल्यावर बेडका निघाला आणि बेडका निघाल्यावर तिला मोकळं वाटलं. म्हणून मग मी रोज काहीतरी वाकडं बोलायला लागले.

फुंकून झालं की रस्ता. तिनं बोलायचं आणि जिथं धाप लागेल तिथं आजचा मुक्काम. एक दिवस ती राणीसावरगावातच अडकली. दुसऱ्या दिवशी फाट्यावर उतरली. ओढ्यात मात्र लय रखडली, पाणी नसलेल्या ओढ्यात. मग मारुतीच्या देवळापर्यंत पोचली. देवळापाशी थांबून एक श्वास घ्यायची मी मुभा दिली, तिथं काय सगळेच टेकतात. देवळामागं हापसा, हापशाच्या पुढं दुसरं दार आणि दारात सून. रस्ता रोज सुनेपाशी येऊन संपायचा. मी म्हटलं, दारापर्यंत आलात तरी पुरे, सून कशाला? तर म्हणाली, "दारात कोणी नसंल... तर ते घर... कसं समजायचं?"

ती सहज बोलली. मी वाफेचं मशीन उगीच पुसत बसले.

माझं काय होत होतं ते मला कळत होतं. कामावर आले की आधी तिच्या पलंगाकडं. सुटीच्या दिवशीसुद्धा काहीतरी राहिलं म्हणून दवाखान्यात चक्कर. ती मला काय जेवलीस विचारायची, केसाला तेल न्हाई का म्हणायची, नवी साडी बघून "ह्यो रंग तुला शोभत न्हाई" म्हणायची. आई गेल्यापासून माझ्या साडीला कोणी नाव ठेवलं नव्हतं. ती घरी जावी म्हणून मीच झटत होते आणि ती गेल्यावर बोलायचं कुणाशी, ही फिकीरही मलाच. कधी वाटायचं, अजून दोन दिवस ओढ्यातच राहू दे हिला. वाटायचं, आणि तरी मी तिला पुढं ढकलायची. "चला मावशी, देऊळ दिसायलंय."

मग नळी काढून बघितली, आधी थोडा वेळ, नंतर दिवसभर. आकडा टिकला. तिला धरून दवाखान्याच्या फाटकापर्यंत चालवली, तरी टिकला. परत येऊन पलंगावर बसली आणि मी न विचारताच तिनं सुरू केलं. गंगाखेड, राणीसावरगाव, फाटा, ओढा, मारुतीचं देऊळ. तिथं टेकली, ओठांचा चंबू करून श्वास सोडला. मग हापसा, दुसरं दार, दारात सून. समोर उभी असलेली खरी सून पदर डोळ्याला लावून रडत होती. डॉक्टरबाई हसून म्हणाल्या, "पोचल्या की आजी. उद्या सोडू."

सुनेला सगळं समजावून दिलं. तोंडानं ओढायचा पंप कसा घ्यायचा, घेतल्यावर चूळ कशी भरायची, झोप जादा येऊ लागली किंवा ओठ निळे दिसले तर वाट बघत बसायचं नाही. चुलीपाशी फिरकायचंसुद्धा नाही. माझा नंबर दिला. मावशीनं जाताना माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. जीप वळेपर्यंत मी फाटकात उभी होते. मग आत जाऊन तिच्या पलंगाची चादर बदलली. संध्याकाळी तिथं दुसरा पेशंट आला, बोलू नका म्हटल्यावर लगेच गप बसणारा.

दोन-तीन दिवसांआड सुनेच्या मोबाईलवरून तिचा फोन यायला लागला. मी मुद्दाम लांबलचक प्रश्न विचारायची आणि ती कुठं तुटते ते ऐकायची. तुटायची, पण देवळाच्या अलीकडं नाही. थंडी ओसरली तशी ती आणखी मोकळी झाली. शेजारणीची म्हैस, सुनेनं जाळलेली भाकर, सगळं सांगायची. मी हं म्हणायची, बरं म्हणायची.

एका सांजेला बोलता बोलता ती थांबली. मला वाटलं, दम लागला. म्हणाली, "पोरी, तुला दम लागायलाय का?"

"मला? न्हाई. का?"

"दोन शब्दाच्या वर बोलंना झालीस तू. हं आन् बरं. तूच सांगायचीस ना वॉर्डात, थोडं बोलतंय त्याला आधी आत घ्यावं म्हणून."

मी हसायला गेले, हसू आलं नाही.

"सांग बरं," ती म्हणाली, "तुझ्या घराला कसं यायचं?"

"स्टँडवर उतरायचं," मी सुरू केलं, "दवाखान्याच्या मागची गल्ली, पिठाची गिरणी, गिरणीच्या बाजूनं लोखंडी जिना, वर निळं दार..."

"दारात कोण?"

माझी छाती ठणठणीत आहे. दर वर्षी तपासून घेते. पण आवाज फुटेना. पलीकडून तिचा श्वास ऐकू येत होता, सावकाश, माझ्याच पद्धतीचा. "गडबड करू नको," ती म्हणाली. "नाकानं घे. हळू सोड. मी हाय."

मी घेतला. सोडला. "कोणी न्हाई, मावशी," म्हणाले. आई गेल्यापासून हे मी कुणालाच म्हटलं नव्हतं. मग रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

तिनं मला गप केलं नाही. रडणं ओसरल्यावर म्हणाली, "आमच्या गावचा रस्ता ध्यानात हाय का? त्या दिवशी म्हणली व्हतीस, यायचंय म्हणून."

"पाठ हाय."

"मंग म्हण बरं."

गंगाखेड, गंगाखेडाहून राणीसावरगाव, फाट्यावर उतरायचं, ओढा ओलांडायचा, मारुतीचं देऊळ, देवळामागं हापसा, दुसरं दार, दारात सून. देवळापाशी थांबले नाही, सगळं एका दमात म्हटलं आणि गप झाले.

"मंग आता दारात कामून थांबलीस?" ती म्हणाली. "आत ये की."