स्टार कुणी द्यायचे?

सिनेमावर लिहिणाऱ्याकडं किस्से कसे साठतात? स्वयंपाकघराच्या दारामागं पिशव्या साठतात तसे. एकीत दुसरी कोंबून ठेवलेली असते, आणि कामापुरती एक ओढायला जावं तर अख्खा गठ्ठा अंगावर येतो! परवा मैत्रिणीनं सहज विचारलं, "काय गं, ह्या आठवड्यात कुणाशी भांडलीस?" आणि आला माझा गठ्ठा बाहेर.

मी संभाजीनगरातल्या एका दैनिकात दर शनिवारी सिनेमाचं परीक्षण लिहिते. शुक्रवारचा पहिला शो बघायचा, संध्याकाळी मजकूर द्यायचा, वर पाचपैकी स्टार द्यायचे. सोबतीला आई असते. ती कन्नड तालुक्यातली, आता माझ्याकडं पुंडलिकनगरला राहते. एवढंच माझं काम. ह्यात भांडण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल. आधी मलाही तसंच वाटायचं!

*

आमच्याकडं सलीमभाई कॉम्प्युटरवर पेपरची पानं जुळवतात. मागच्या आठवड्याचं पान उघडायचं आणि त्यातच नवा मजकूर ओतायचा, ही त्यांची जुनी पद्धत. एकदा मजकूर बदलला, फोटो बदलला, स्टार मात्र मागच्या शनिवारचेच राहिले. 'हा बघण्यापेक्षा घरी बसून पंखा बघा' असं मी ज्याच्याबद्दल लिहिलं होतं, त्या सिनेमाच्या डोक्यावर चार स्टार!

मी तणतणत ऑफिसात गेले. सलीमभाई शांत.

"टेन्शन नक्को लो मॅडम. उप्पर स्टार है, नीचे गालियाँ है. दोनों पार्टी खुश!"

आणि खरंच, निर्मात्यानं ऑफिसात पेढे पाठवले. मी त्याला फोन लावला. "अहो, परीक्षण वाचलंत का तुम्ही?"

"वाचायचं काय त्यात, मॅडम? चार दिलेत की!"

तेव्हापासून मजकुराचं काय करायचं ते करा, पण स्टार मी कुणाच्या हातात देत नाही. पान छपाईला जाईपर्यंत सलीमभाईंच्या खुर्चीमागं उभी राहते. पेढ्यांचं विचाराल तर मी पोचेपर्यंत ते संपले होते, आणि सगळ्यात जास्त सलीमभाईंनी खाल्ले होते.

*

शहरात जाणकारांचं एक फिल्म मंडळ आहे. रविवारी सकाळी कॉलेजच्या हॉलमध्ये परदेशी सिनेमा, मग चर्चा, मग चहा. चहा चांगला असतो. ही मंडळी मला आपली समजायची, कारण छोट्या, वेगळ्या सिनेमांसाठी मी पेपरात जागा भांडून घेते.

मग मी एका तद्दन मारधाडपटाला साडेतीन दिले. हिरो एका हातानं जीप उचलतो तिथं मी शिट्टी वाजवली, हेही लिहिलं. रविवारी अध्यक्षांनी मला गाठलं.

"तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"मग कुणाकडून होती, सर?"

"अहो, एका हातानं जीप?"

"पण नीट उचलतो ना! छोट्या सिनेमातलं साधं सायकल चालवणंसुद्धा काही लोकांना नीट जमत नाही."

चर्चा संपली, चहा आला. अध्यक्षांनी मला खांबाआड घेतलं आणि इकडं तिकडं बघत विचारलं, "दुपारचा शो किती वाजता असतो?"

*

आता दुसरी बाजू ऐका. एक वेगळा सिनेमा लागला होता. त्यात माळरानावर एक शेळी उभी. कॅमेरा हलत नाही, शेळीही हलत नाही. हॉलमध्ये चिडीचूप. आई बराच वेळ सोसत राहिली आणि मग मोठ्यांदा म्हणाली, "अगं माय, किती येळ उभी हाय ती! पानी तरी पाजा तिला कुणीतरी!"

अख्खं थिएटर हसलं. मी परीक्षणाची सुरुवातच आईच्या त्या वाक्यानं केली आणि दोन स्टार दिले.

दिग्दर्शकाचा फोन आला. "शेळी हे प्रतीक होतं! तुम्ही समीक्षा आईकडून करून घेता का?"

"तिला विचारून सांगते," म्हटलं आणि फोन आईकडंच दिला.

आईनं त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग मायेनं विचारलं, "ते जाऊ दे बाबा. तू जेवला का?" गडी एकदम नरमला. पुढं दोघं बराच वेळ बोलत होते. आता तो शहरात आला की आमच्याकडं पिठलं-भाकरी खाऊन जातो. त्याच्या पुढच्या सिनेमालाही मी दोनच दिले.

*

एका मोठ्या हिरोच्या सिनेमाला कमी स्टार दिले म्हणून सिल्लोडचं फॅन मंडळ मोटरसायकलींवर आमच्या ऑफिसवर आलं. घोषणा सुरू झाल्या. वॉचमननं गेट लावून घेतलं, संपादक म्हणाले मागच्या दारानं जा. मी का जाऊ मागच्या दारानं? मी पुढच्या दारानं बाहेर आले.

म्होरक्या पुढं झाला. "ताई, तुमी पिक्चर नीट बघितलाच नाय!"

"मग दाखवा नीट. चला."

खरंच गेले! सिल्लोडच्या थिएटरात, त्यांच्या मधोमध बसून पाहिला. कागद उधळले, पोरं पडद्यासमोर नाचली. माझाही घसा बसला. बाहेर आल्यावर म्होरक्यानं विचारलं, "मजा आली का?"

"लई आली."

"मग वाढवा की स्टार!"

"मजा तुमची आली रे, पिक्चरची नाही. तुम्हाला देते पाचपैकी पाच."

त्यानं डोकं खाजवलं, मंडळाकडं वळून पाहिलं. "ते बी खरंच हाय म्हना," असं पुटपुटला आणि मला सोडायला गाडी काढली.

*

आणि आता काळे.

काळे म्हणजे आमच्या जाहिरात विभागाचे प्रमुख. शहरातल्या एका बड्या बिल्डरनं पोराला हिरो करून सिनेमा काढला. पानपानभर जाहिराती सुरू झाल्या. एके दिवशी संपादकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. काळे आधीच बसलेले. संपादक माणूस सज्जन, पण अवघड बोलायचं असलं की छताच्या पंख्याकडं बघतात.

पंख्याकडं बघतच म्हणाले, "मजकूर तुझाच. स्टार ह्या वेळी काळे देतील."

"चार ठरलेत," काळे म्हणाले.

खरं सांगते, ह्या कॉलमसाठी मी दोन ठिकाणच्या बऱ्या नोकऱ्या नाकारल्या होत्या. तो गेला तर ह्या शहरात मला कोण ओळखणार? पण तोंडातून वेगळंच आलं.

"चालेल. काळेंचे स्टार छापले, की पुढच्या शनिवारपासून माझं नाव काढा."

"कशाला इरेला पेटता मॅडम?" काळे हसले. "चार ठिपके तर आहेत!"

"ठिपके तुमचे, तर खाली नावही तुमचंच. 'स्टार : काळे, जाहिरात विभाग.' आणि आपल्या पेपरात सिनेमा बघितल्याशिवाय कुणी स्टार देत नाही. शुक्रवारी पहिल्या शोला या."

संपादकांची नजर पंख्यावरून खाली आली. "हे मात्र रास्त आहे," ते म्हणाले. काळेंनी खांदे उडवले. पेपरात आपलं नाव येणार, ह्याचा त्यांना थोडा आनंदच झाला होता.

शुक्रवारी ते बायकोला घेऊन आले. कडक इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध. वहिनींनी सगळ्या कॉलनीत सांगून ठेवलं होतं, की उद्याचे स्टार ह्यांचे. ते आमच्या पुढच्याच रांगेत बसले. बाहेर फटाके, आत हार-तुरे, पहिल्या रांगेत बिल्डर.

सिनेमा सुरू झाला. हिरो हेलिकॉप्टरमधून उतरला. थोड्या वेळानं घोड्यावरून उतरला. मग पुन्हा हेलिकॉप्टर आलं.

आई म्हणाली, "अगं, ह्यो अजून किती बार उतरनार?"

काळेंनी मागं वळून पाहिलं नाही. वहिनी मात्र त्यांच्याकडं वळल्या. कुजबुज आम्हाला स्पष्ट ऐकू आली. "अहो, ह्याच्याखाली आपलं आडनाव येणार?"

इंटरव्हलला बिल्डरनं येऊन काळेंच्या पाठीवर थाप मारली. "काय काळे, चार ना?" काळे हसले. शर्टाची इस्त्री पार मोडली होती.

दिवे मालवले. पडद्यावर हिरो आता बोटीतून उतरत होता. अंधारात कुणीतरी वाकून, लोकांचे पाय तुडवत आमच्या रांगेत आलं आणि माझ्या खुर्चीशी उकिडवं बसलं. बघते तर काळे!

"मॅडम," ते माझ्या कानाशी लागले, "नुसता अर्धा स्टार असतो का हो?"