अकरा जणांचा पासवर्ड

परभणीतल्या एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात वैष्णवी संगणकाचं काम बघायची. पेडगावच्या सटवाजीची ही मुलगी. घरात नोकरीला लागलेली पहिलीच. संस्थेच्या सगळ्या कॉलेजांचे गुण पुण्यातल्या एका सर्व्हरवर होते आणि त्यात शिरायचा पासवर्ड एकच. तो अकरा जणांना ठाऊक होता. कार्यालयाचे अधीक्षक अवधूत यांनी तर तो टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवला होता.

मार्चमध्ये सहा मुलांचे गुण कुणीतरी परस्पर वाढवले. नोटीस मात्र एकट्या वैष्णवीला आली. बाकीच्या दहांना कुणी साधं विचारलंही नाही. वाचताना तिची कानशिलं तापली.

खुलासा देऊन ती कामाला लागली. प्रत्येकाला त्याच्याच कॉम्प्युटरवर चाव्यांची, म्हणजे एकमेकींशीच जुळणाऱ्या दोन फायलींची, जोडी बनवायला लावली. एक चावी सर्व्हरवर ठेवायची, ती कुणी पाहिली तरी बिघडत नाही. दुसरी खासगी, ती कुणाच्याही हाती द्यायची नाही. दोन्हींची जोडी जमली तरच सर्व्हर आत घेतो, आणि कुणाच्या चावीनं कोण आलं याची नोंदही ठेवतो. अकरा जोड्या झाल्यावर तिनं पासवर्डनं शिरणंच बंद केलं.

आठवडाभरात अवधूतांनी तिची खासगी चावी मागितली. ती रजेवर गेली तर काम अडायला नको म्हणे. तिनं नकार दिला. तक्रार संस्थेचे सचिव माधवराव यांच्याकडे गेली. कालच्या पोरीनं अधीक्षकांना नाही म्हणावं, हे त्यांनाही रुचलं नव्हतं.

"सर, चावी दिली की दुसऱ्यानं केलेलं माझ्या नावावर चढतंय," ती म्हणाली. "एकदा चढलंच हाय. नोकरी घ्या, पण चावी मी देत न्हाई."

माधवरावांनी विषय तिथंच सोडला.

जूनमध्ये आणखी दोघांचे गुण वाढले. नोंदीत चावी निघाली अवधूतांची. त्यांना नोटीस गेली नाही. केबिनमध्ये बोलावून तोंडी समज दिली, बस. हे कळलं तेव्हा वैष्णवीच्या अंगाचा तिळपापड झाला. नोंदीची प्रत जोडून तिनं आपली नोटीस रद्द करण्यासाठी अर्ज केला, त्याची शिक्क्यानिशी पोच घेतली आणि दर सोमवारी सचिवांच्या दारात उभी राहू लागली.

पाचव्या सोमवारी एका ओळीचं पत्र हातात पडलं. तिची नोटीस रद्द झाली होती. चूक झाली, असं मात्र त्यात कुठंच नव्हतं.

मिटलं ना आता, सोड, असं सटवाजीनं समजावलं.

"माझं मिटलं, बाबा. अवधूत सरांना नोटीस का न्हाई, ते कोन सांगणार?" ती म्हणाली आणि दुसरा अर्ज लिहायला बसली.