जिना कुठं जातोय?

स्टेशनजवळच्या, रुळांवरून जाणाऱ्या पुलाचा चढ पाडून नवा बांधला. तो खुला झाला त्या सकाळी मी सवयीने पायी चढायच्या जिन्यावर पाय टाकायला गेलो आणि गुडघा थेट भिंतीवर आपटला. जिनाच नाही! भिंतीवर रंगवलेला मोर मात्र आहे. ज्याला चाकं नाहीत तो माणूस या गावात राहतच नाही, असा नकाशा काढणाऱ्याचा समज असावा.

"अक्कल विकून खाल्ली का यांनी?" मी गुडघा चोळत ओरडलो.

जुन्या जिन्याच्या पायथ्याशी भाजी विकणाऱ्या गंगूबाई डोक्यावर पाटी घेऊन उभ्या होत्या. रुळांपलीकडच्या मंडईत जायला आता त्यांना रेल्वे फाटकापर्यंतचा वळसा, म्हणजे तासाभराची पायपीट.

"वरडा भाऊ, वरडा," त्या म्हणाल्या. "पूल रुंद करा म्हणून अर्ज घेऊन तुम्हीच हिंडत होता न्हवं? माझा अंगठा घेतलात, तवा मी इचारलं होतं, जिना ऱ्हाईल ना?"

"मग मी काय म्हणालो?"

"म्हणालात, तो कुठं जातोय!"

मी ओशाळून पाटीला हात लावायला गेलो.

"ऱ्हाऊ द्या. गुडघा सांभाळा," म्हणत त्या वळशाला लागल्या.