दहा गोळ्यांचा पसारा

गमरे साहेब गेल्याचा फोन आला तेव्हा मी मस्कतजवळच्या सीबमधल्या माझ्या दुकानात एका गिऱ्हाइकाशी भांडत होतो. पंपाचं सील दोन महिने वापरून तो ते परत द्यायला आला होता. फोन गमऱ्यांच्या मुलीचा होता, महाडहून. ती इथल्या इंडियन स्कूलमध्ये शिकली, त्यामुळे मराठी अडखळत बोलते. "अंकल, बाबा आज सकाळी गेले. झोपेत," एवढंच म्हणाली. अशा वेळी काय बोलायचं असतं ते मला ठाऊक आहे, माझी पन्नाशी उलटली आहे. पण माझ्या तोंडून निघालं, "असे कसे गेले? माझी फेरचाचणी बाकी आहे." पलीकडे ती पोरगी रडता रडता चक्क हसली. "बाबा म्हणायचे, तुम्ही हेच बोलणार."

गिऱ्हाइकाला मी सील बदलून दिलं. एरवी दिलं नसतं.

त्याला आता सात आठवडे झाले. साहेबांवर सगळ्यांनी चांगलं लिहिलं, बोललं. इथल्या दार्सैत भागातल्या शोकसभेत तर लोक त्यांच्या शांतपणाबद्दल इतकं बोलले की मला उठून जावंसं वाटलं. शांत होते, मान्य. पण माझ्यावर त्यांनी जो अन्याय केला त्याचा कुणी उल्लेखही केला नाही, म्हणून मीच लिहायला बसलो आहे.

मी दापोलीच्या किनाऱ्यावरचा, ते मूळचे खेडचे. मी दहावी नापास. मस्कतला उतरलो तेव्हा दुसऱ्याच्या दुकानात पाइप उचलायचो, आज माझी दोन दुकानं आहेत. ते बाबासाहेबांचं नाव घेऊन शिकलेले इंजिनिअर, खाऱ्या पाण्याचं गोडं करणाऱ्या प्रकल्पात मोजमापाची उपकरणं तपासायचं त्यांचं काम. आमची ओळख झाली तीच भांडणातून. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी त्यांच्या प्रकल्पाला दाब दाखवणारे वीस काटे पुरवले होते. त्यातले अकरा त्यांनी परत पाठवले. मी तावातावाने त्यांच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला आणि एकेक काटा माझ्यासमोर यंत्राला लावून दाखवला. "शेठ, हे नऊ खरं बोलतात. हे अकरा तुम्हाला बरं वाटेल ते बोलतात." मी दार आपटून निघून आलो. काटे मात्र बदलून दिले.

हा किस्सा मी माझ्या अर्बाबला, म्हणजे ज्यांच्या नावावर माझं दुकान चालतं त्या हमद शेखना, रागारागाने सांगितला. त्यांना राग यायच्या ऐवजी आनंद झाला. म्हणाले, या माणसाला शुक्रवारी घेऊन ये.

शुक्रवार म्हणजे चांदमारी. अर्बाबच्या खजुराच्या मळ्यामागे, डोंगराला लागून, नेमबाजीची रीतसर मंजूर केलेली जागा होती. त्यांच्याकडे परवान्यावरच्या दोन टू-टू रायफली होत्या, एकाच कंपनीच्या, जुळ्या बहिणींसारख्या. काडतूस करंगळीच्या पेराएवढं. एकदा चाप ओढला की एक गोळी सुटते, रिकामं टरफल उडून पडतं आणि दुसरी गोळी आपोआप आत चढते. आम्ही परदेशी माणसं. अर्बाब शेजारी बसल्याशिवाय रायफलीला हात लावायचा नाही, आणि टरफलं मोजून परत द्यायची. सकाळी जायचं, कहवा आणि हलवा खायचा, पन्नास मीटरवरच्या कागदावर गोळ्या मारायच्या आणि जुम्याच्या नमाजाला परतायचं. त्याआधी मी शुक्रवारी सकाळीही दुकान उघडं ठेवत असे. सुट्टी ही नोकरदारांची चैन आहे असं माझं मत होतं.

आपोआप गोळी चढणारी बंदूक माझ्यासारख्याच्या हातात देऊ नये. मी दहा गोळ्या दहा सेकंदांत संपवायचो. गमऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बंदूक हातात घेतली होती, तरी दोन महिन्यांत ते आमच्यात सर्वांत सरस झाले. दोन गोळ्यांमध्ये हा माणूस इतका वेळ घ्यायचा की मला वाटायचं, झोप लागली. मी मागून ओरडायचो, "साहेब, यल्ला, आटपा लवकर, ती सेमी-ऑटोमॅटिक आहे, तोफ नाही." ते न वळता म्हणायचे, "शेठ, आपोआप गोळी चढते. नेम नाही चढत."

आता मुद्द्यावर येतो. एका रायफलीत सुधारणा करून घ्यायची कल्पना माझी. जाड आणि जड नळी, हलका चाप, खांद्याला नीट बसेल असा नवा लाकडी दस्ता. अर्बाबच्या ओळखीच्या परवानाधारक मिस्त्रीशी मी तीन दिवस घासाघीस केली. चौथ्या दिवशी मला बघून तो आत जाऊन बसला. काम झाल्यावर मी अर्बाबच्या परवान्यावर काडतुसंही मिळवून दिली, आठ-दहा निरनिराळ्या खोक्यांतली उरलीसुरली, एकगठ्ठा. भाव असा पाडला होता की मलाच माझं कौतुक वाटत होतं. मग एका शुक्रवारी मी सुधारलेल्या रायफलीने मारलेले तीन कागद बैठकीत मांडले. भोकं अशी एकमेकांना चिकटलेली की बघत राहावं. अर्बाब खूश झाले. गमऱ्यांनी कागद उलटसुलट करून पाहिले आणि विचारलं, "बाकीचे कुठे आहेत?"

मी म्हटलं, वाऱ्याने उडाले.

"वारा फक्त वाईटच कागद नेतो वाटतं तुमच्याकडे."

अर्बाबना हिंदी चांगली येते, मराठी नाही. त्यांनी अर्थ विचारला, आणि या माणसाने शब्दन् शब्द समजावून सांगितला. तिथे ठरलं की चाचणी होणार. चांगला कागद कुणाच्याही हातून निघतो, बंदुकीचा खरेपणा तिच्या वाईट कागदावरून कळतो, हे गमऱ्यांचं म्हणणं. म्हणून एका कागदावर दहा गोळ्या, असे पाच कागद एका बंदुकीचे, पाच दुसरीचे, आलटून पालटून, म्हणजे ऊन आणि वारा दोघींना सारखा. एकही कागद टाकायचा नाही. नेम तेच धरणार. पुढचा आठवडाभर त्यांनी साध्या रायफलीला अर्बाबकडची प्रत्येक जातीची काडतुसं खाऊ घालून पाहिली आणि एक जात निवडली. म्हणाले, तिला हीच मानवते. सुधारलेल्या रायफलीत त्यांनी माझीच काडतुसं भरली. तुमची बंदूक, तुमचा चारा.

निकाल काय लागला असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. गमऱ्यांच्या हातात व्हर्नियर होता, पण अर्बाबना नाण्याने मोजायची हौस. कारखान्यातून आली तशी असलेल्या रायफलीचा दहा गोळ्यांचा पसारा पाचही वेळा पन्नास बैशांच्या, म्हणजे आपल्या रुपयाएवढ्या, नाण्याखाली जेमतेम झाकला गेला. माझ्या नवरीसारख्या सजवलेल्या रायफलीच्या सात-आठ गोळ्या गोडीगुलाबीने एकत्र बसायच्या आणि उरलेल्या दोन वर, खाली, जिथे मन मानेल तिथे. पाचपैकी चार कागदांवर नाणं अपुरं पडलं. अर्बाब हसता हसता उशीवर आडवे झाले. मी हातातला पाण्याचा थर्मास फेकला, गाडीत बसलो आणि थेट घरी आलो.

पुढच्या शुक्रवारी मी न जाण्याची शपथ घेतली होती. पण रात्रभर विचार करून मला त्यातली खोट सापडली होती, मग न जाऊन कसं चालेल? दोघींना काडतुसं वेगळी होती! एका मल्लाला खुराक आणि दुसऱ्याला शिळं, ही कसली कुस्ती? दोघींना तीच चांगली काडतुसं द्या आणि पुन्हा घ्या चाचणी. गमऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे. घेऊ." अर्बाब म्हणाले, ती जात आता संपली, मिळाली की आणतो, इन्शाल्ला.

ते "घेऊ" आणि ते "इन्शाल्ला" अकरा वर्षं चाललं.

अकरा वर्षं मी एकही शुक्रवार चुकवला नाही. दर वेळी विचारायचो, काडतुसं आली का? अर्बाब मान हलवायचे. एकदा म्हणाले, मिळण्यासारखी आहेत, तर गमऱ्यांनी आकाशाकडे बघून सांगितलं की महिनाभर हवा बरोबर नाही. एकदा नळी नुकतीच साफ केली होती, आणि साफ नळी सुरुवातीच्या गोळ्या भरकटवते. एकदा दस्त्याचा स्क्रू मी ट्रकचा नट आवळावा तसा आवळून ठेवला होता, म्हणून. मी चिडायचो, ते गालात हसायचे, अर्बाब कहवा ओतायचे. गमऱ्यांच्या घरच्या सुनंदा वहिनी डब्यात सुक्या बोंबलाची चटणी आणि तांदळाची भाकरी द्यायच्या. माझ्या बायकोची सांदणं गमरे मोजून चार खायचे आणि पाचवं मुलीसाठी रुमालात बांधायचे. चौदा एप्रिलला दार्सैतच्या हॉलमध्ये जयंती असायची तेव्हा रोषणाईवाल्याशी भाव करायला ते मलाच पुढे करायचे आणि स्वतः लांब उभे राहून बघायचे; त्यांना लाज वाटायची, पण भाव पडला की सर्वांत जास्त आनंद त्यांनाच. माझा धाकटा गणितात नापास व्हायला लागला तेव्हा वर्षभर शुक्रवारच्या गाडीत मागच्या सीटवर बसून त्यांनी त्याच्याकडून बेरजा-वजाबाक्यांपासून सगळं करून घेतलं. तो आज अकाउंटंट आहे. आणि मी? मी हळूहळू दोन गोळ्यांमध्ये श्वास सोडायला शिकलो. दुकानातला माझा आवाजही खाली आला, असं कामगार म्हणतात. पण इतक्या वर्षांत माझ्या एकाही कागदावर हा माणूस "छान" म्हणाला नाही. व्हर्नियर लावायचा, आकडा सांगायचा, खलास.

आठव्या वर्षी निवृत्त होऊन ते महाडला निघाले त्या दिवशी विमानतळावर मी पुन्हा विषय काढला. बायका रडत होत्या. ते म्हणाले, "डिसेंबरात येतो, शेठ. हवा चांगली असते." तीन डिसेंबर गेले. नोव्हेंबर संपत आला असताना हा फोन आला.

शोकसभेनंतरच्या शुक्रवारी मी मळ्यावर गेलो. अर्बाब आता थकले आहेत, काठी घेऊन चालतात. मी त्यांना सांगितलं की ती काडतुसं कुठूनही मिळवा, मागतील ती किंमत देतो, भाव करणार नाही. त्यांनी पुढे होऊन माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप आहे का म्हणून. मग आत गेले, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि बाहेर येऊन त्यांनी माझ्यासमोर तीच काडतुसं ठेवली. सीलबंद खोकं. वरचा पुठ्ठा पिवळा पडलेला.

मी विचारलं, ही कधी आणली? म्हणाले, तू फेरचाचणी मागितलीस त्याच्या पुढच्या आठवड्यातच. माझा आवाज चढला. अकरा वर्षं कपाटात होती? अर्बाब शांतपणे खाली बसले आणि म्हणाले, "गमरे ने रखवाया. बोला, सेठ की बंदूक अच्छी है, ये गोली डालेगा तो जीत जाएगा. जीत गया तो शुक्रवार को फिर दुकान खोलेगा. इधर नहीं आएगा."

मी या देशात इराण्यांशी, पंजाब्यांशी, चिनी कंपन्यांशी घासाघीस केली आहे, कुणी मला एक दिवस झुलवू शकला नाही. आणि या खेडच्या माणसाने अकरा वर्षं मला माझ्याच विजयापासून लांब ठेवलं, तेही हवेचं कारण सांगून.

आम्ही दोन्ही रायफली काढल्या. पाच कागद एकीचे, पाच दुसरीचे, आलटून पालटून. नेम मी धरला. दोन गोळ्यांमध्ये इतका वेळ घेतला की अर्बाबना खुर्चीत डुलकी लागली. सुधारलेल्या रायफलीने तिच्या तिसऱ्या कागदावर एक गोळी बाहेर टाकली, ती माझ्या हाताची चूक होती. तरी तो कागद मी बाकीच्यांबरोबरच ठेवला. मग मोजलं. साधी रायफल पन्नास बैशांच्या नाण्याला चिकटून राहिली. माझी, तो एक कागद सोडून, पंचवीस बैशांच्या लहान नाण्याखाली झाकली गेली. त्या एका कागदासकट हिशेब धरला तरी पुढे होती. अर्बाबनी कागद उन्हात धरून पाहिले, दोनदा मान डोलावली, मबरूक म्हणत अभिनंदन केलं आणि मला विचारलं, "सेठ, अभी तो खलास?"

मी नाणी खिशात टाकली. उठून रेतीचा वारा कुठून येतोय ते पाहिलं आणि म्हटलं की खलास कसं होईल? पहिल्या वेळी नेम गमऱ्यांचा होता, आज माझा होता. माणूस बदलला की चाचणी धरता येत नाही. शिवाय काडतुसं अकरा वर्षं जुनी. नवी आणावी लागतील. आणि मला विचाराल तर, थंडी थोडी वाढल्याशिवाय हवाही बरोबर नाही.

अर्बाब हसले आणि नोकराला दुसरा कहवा ठेवायला सांगितला. येत्या शुक्रवारी पुन्हा जायचं आहे. दुकान बंद राहील.