दगड धुतल्यानंतर

माझा धाकटा भाऊ घड्याळजी. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसला, म्हणून गल्लीत त्याला भिंग्याच म्हणतात. बंद घड्याळ आलं की अंदाजाने काही करणं त्याला ठाऊक नाही. सगळं उघडायचं, चाकन् चाक धुवायचं, पुन्हा बसवायचं.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या बायकोला अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली, ओळख गेली. नजर तेवढी राहिली, आणि ती एकाच ठिकाणी ठरायची: घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीवर. टाकीत दोन नारिंगी मासे आणि हिरवी बोटं हलवणारं एक प्रवाळ. ती बोटं हलताना दिसली की हिचं तोंड उघडायचं. तेवढ्यात चमचा घालायचा. एरवी दातखीळ. डॉक्टर नाकातून नळी घालू म्हणत होते. भाऊ म्हणे, मी जिवंत असेपर्यंत नाही.

मग शेवाळ आलं. आधी दगडांवर लव, मग केस, आणि महिन्याभरात प्रवाळ त्यात गुरफटून बोटं मिटून बसलं. हिचं खाणं निम्म्यावर आलं.

टाकी विकणारा दुकानदार सरळ बोलला, "काका, दिवा दिवसाला सहाच तास. माशांना खाणं कमी. नळाचं पाणी बंद. आणि तीन महिने हाताची घडी घालून बसा."

"ती तोंड कधी उघडेल ह्याचा नेम नाही रे. दिवा दिवसभर लागतो."

"मग शेवाळही दिवसभर वाढेल."

भाऊ चिमट्याने एकेक केस उपटायला लागला. सकाळी उपटलेलं परवापर्यंत पुन्हा हजर. एके दिवशी चिमटा फेकून म्हणाला, "ताई, सगळं उघडून साफ करू. एकदाच."

"भिंग्या, हे घड्याळ आहे का?"

"बंद तर पडलंय ना? तू बादली धर."

धरली. मी वनस्पतिशास्त्राची पदवीधर. शेवाळांची लॅटिन नावं अजून पाठ आहेत. आणि त्याच मी दगड गरम पाण्याखाली धरून ब्रशने खसाखसा घासले. वाळू सात पाण्यांनी धुतली. संध्याकाळी टाकी लखलखीत. प्रवाळाने दोन बोटं उघडली, हिने वाटीभर सूप घेतलं. भाऊ म्हणाला, "बघ! उगाच ओरडत होतीस."

तिसऱ्या दिवशी मासे पाण्यावर तोंडं काढून धापा टाकायला लागले. चौथ्या दिवशी गेले. प्रवाळ पांढरं होऊन गळून पडलं.

दुकानदाराने कपाळावर हात मारला. "दगड गरम पाण्याने धुतलेत? अहो आजी, त्या दगडांतले जिवाणूच पाणी राखत होते! मेले सगळे."

"नवं प्रवाळ दे," भाऊ म्हणाला.

"आज टाकलंत तर आठवड्यात मरेल. पाणी तयार व्हायला दीड-दोन महिने लागतात."

भाऊ घरी येऊन चमचा घेऊन बसला. ओठांवर टेकवला, गालाला लावला, नाव घेऊन हाका मारल्या. सूप हनुवटीवरून उशीवर ओघळत राहिलं. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी मी त्याला न विचारता डॉक्टरांना फोन केला.

नर्स नळी घेऊन आली तेव्हा त्याने आधी टाकीचा दिवा लावला. "तिला बघू दे," म्हणाला.

पाणी स्वच्छ होतं. नर्सने तिचं डोकं मागे धरलं. भाऊ टाकीकडे बघत उभा राहिला, मागे वळला नाही.