गुलाबच्या बाज्याची दांडी

आमची पोस्ट उत्तरेला, बर्फात होती. आम्ही अठरा जण. त्यात मराठी बोलणारे दोघेच. एक मी, केळापूरचा, नायक, रेडिओ सेट सांभाळणारा. दुसरा लान्स नायक गुलाब आडे, बोरी अरबजवळच्या तांड्यावरचा. घरी तो बंजाऱ्यांची गोरबोली बोलायचा, माझ्याशी वऱ्हाडी. दिवसभर हिंदीत हुकूम घ्यायचे आणि संध्याकाळी बुखारीपाशी, म्हणजे रॉकेलच्या शेगडीपाशी बसून आपल्या बोलीत एकमेकांची टर उडवायची, एवढीच आमची चैन होती.

पाचला स्टँड-टू, हत्यारं घेऊन मोर्चावर. सातला नाश्ता. मग बर्फ उपसणे, हत्यार सफाई, ड्यूटी. दुपारी तासभर मोकळा मिळे. त्या तासात गुलाब बाजा बनवायचा. तुपाचा रिकामा डबा, रेशनच्या पेटीच्या फळीची दांडी आणि टेलिफोनच्या केबलमधून सोललेल्या दोन पोलादी तारा. आमचे पोस्ट कमांडर सुभेदार साहेब त्याला गिटार म्हणत, स्वयंपाकी सितार म्हणे. मी म्हणायचो, बर्फ उपसायला बरा आहे.

बाजा त्याच्या बापासाठी होता. म्हाताऱ्याचा जुना बाजा घुणानं पोखरला आणि तेव्हापासून त्याचं गाणंच बंद पडलं होतं. गुलाबनं फोनवर कबूल केलं होतं, सुट्टीवर येताना नवीन आणतो. सुट्टीला महिना उरला होता.

अडचण लाकडाची होती. पेटीची फळी चीडची, म्हणजे पाइनची, इतकी नरम की नखाची खूण उमटायची. तार ताणली की दांडी धनुष्यासारखी वाकायची. एका गाठीपाशी तर लाकूड ओल खाऊन भुसभुशीत झालं होतं. दुसरं लाकूड तिथे कुठलं मिळणार?

"मंग काय करतं?" मी विचारलं.

"हाडूक टाकतो तिच्यात."

पेटीला बांधलेली लोखंडी पट्टी त्यानं काढली. दांडीत चाकूनं लांब खाच पाडली. पट्टी आडवी टाकली तर लाकडासोबत तीही वाकते, म्हणून ती उभी बसवली. दोन ट्यूबांचा गोंद कालवून बुखारीजवळ पातळ केला आणि भुसभुशीत जागेत काडीनं थेंब थेंब मुरवला. उरलेला खाचेत भरला. वरून दोरी करकचून आवळली. तेव्हा दुपारचे चार वाजले होते.

"चोवीस तास हात नाही लावाचा," तो म्हणाला, "आन् बुखारी इझू नाही द्याची. थंडीत हा गोंद धरत नाही."

दुसऱ्या दिवशी सात वीसला चार जणांची लिंक पेट्रोल, शेजारच्या पोस्टपर्यंतची गस्त, निघाली. गुलाब त्यात होता. दर अर्ध्या तासानं त्यांचा रिपोर्ट यायचा. दहा पन्नासचा त्यानंच दिला.

"ब्राव्हो, सब ओके. भाऊ, चार वाजता दोरी सोडजा. ओव्हर."

सुभेदार साहेब माझ्या मागेच उभे होते. मी तोडून बोललो, "सेटवर घरची बात नको. आउट."

अकरा वीसला वरून आवाज आला. सेटवर हाका मारल्या, उत्तर नाही. ॲव्हलांच. साहेब सगळी माणसं आणि फावडी घेऊन धावले. मला हुकूम होता, सेट सोडायचा नाही. पोस्टवर मी एकटा. चार तास त्या सेटमधून नुसती खरखर आणि अधूनमधून साहेबांचा दमलेला आवाज. पहिला मिळाला, जिवंत. दुसरा, जिवंत. तिसरा, जिवंत. तीन पस्तीसला साहेब म्हणाले, "आडे मिल गया," पण जिवंत म्हणाले नाहीत. मला कळलं.

बरोबर चार वाजता मी दोरी सोडली. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्यानं वेळ दिली होती, फौजेत वेळ म्हणजे वेळ. बुखारी दुपारीच विझली होती, हे ध्यानातच आलं नाही. गोंद कच्चा होता. पट्टी खाचेतून उसळली आणि दांडी एका बाजूला फिरली. मी दोन्ही हातांनी ती दाबून धरली, बुटाच्या लेसनं बांधली आणि दोन दिवस स्लीपिंग बॅगमध्ये छातीशी धरून झोपलो. जोड धरला, पण दांडी थोडी वाकडी राहिली.

गुलाबला तांड्यावर नेलं तेव्हा मला सुट्टी मिळाली नाही. त्यानंतर चार महिने मी वऱ्हाडीचा एक शब्द बोललो नाही. बोलणार कोणाशी? पोस्टवर सोळा माणसं होती आणि मी एकटा होतो.

सुट्टी मिळाली तसा बाजा घोंगडीत गुंडाळून तांड्यावर गेलो. म्हातारा दारातच बसला होता. बाजा हातात घेऊन त्यानं एक डोळा मिटला, दांडीवरून नजर फिरवली.

"वाकडी हाय."

"माह्या हातून झाली, बापू. गुलाबनं सरळ बसवली होती." मग बुखारीचं सांगितलं, दोरीचं सांगितलं. सेटवर मी त्याला कसं गप्प केलं, तेही सांगितलं. हे तोवर मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

म्हातारा बराच वेळ तारा पिळत राहिला. दांडीनं ताण धरला. वाजवताना मधल्या एका जागी तार लाकडाला घासून झणझणली.

"यवतमाळात एक सुतार हाय ओळखीचा," मी म्हणालो, "सरळ करून आणतो."

"कायले? पट्टी त्याची हाय, वाक तुया हाय. दोघायचंबी राहू दे." बाजा मांडीवर घेत म्हणाला, "तू ड्यूटीवर होता, बाबू. तोबी ड्यूटीवर होता."

मग तो गायला. गोरबोलीतलं गाणं, मला अर्धंच कळलं. पोस्टवर मी रडलो नव्हतो, तिथे ढसाढसा रडलो.

आता मी रिटायर झालो, लोहाऱ्याला एकटाच राहतो. वर्षातून एकदा त्या तारखेला तांड्यावर जातो. लान्स नायक गुलाब आडे, वय सव्वीस. म्हातारा पूर्ण नाव घेतो, रँकसकट, आणि गायला बसतो. झणझणणाऱ्या त्या जागी बोट ठेवणं त्याला सहज टाळता येईल. तो टाळत नाही.