कुया तेबानचं अळणी जेवण

सकाळी सात वाजता पुरिंग कांगकोंगच्या पाल्याच्या जुड्या सोडत बसली होती, तेव्हा लुर्डेस खाणावळीत आली. लुर्डेस म्हणजे तेबानची एकुलती एक मुलगी, शाळेत शिकवणारी; पुरिंगला ती तिया, म्हणजे मावशी म्हणे. या वेळेला ती कधी येत नसे.

"तिया पुरिंग, एक मागणं आहे. बाबांना आजपासून दिनुगुआन वाढू नका."

पुरिंगचा हात थांबला. फिलिपीन्समधल्या सान पाब्लोच्या बाजारामागची ही खाणावळ तिच्या आईने काढलेली. तिथे तेबान, सगळ्यांचा कुया म्हणजे दादा, अठ्ठावीस वर्षं रोज जेवत होता. आधी प्रवासी जीपनी चालवायचा तेव्हा दोन फेऱ्यांच्या मधे, आणि बायको गेल्यावर तर दोन्ही वेळा. त्याचं जेवण ठरलेलं: डुकराच्या रक्तात शिजवलेलं ते आंबटसर काळं कालवण आणि सोबत तांदळाचे वाफवलेले पांढरेशुभ्र पुतो.

"मूत्रपिंडं गेलीत त्यांची," लुर्डेस म्हणाली. "आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मीठ नाही, माशाचं खारट पातीस नाही, सोया नाही. घरी मी बघते हो, पण इथे तुम्हीच."

"जा तू शाळेत. मी बघते," पुरिंग म्हणाली.

दुपारी तेबान नेहमीच्या बाकावर येऊन बसला. पुरिंगने त्याच्यापुढे आलं, गवती चहा आणि कच्ची पपई घालून उकळलेल्या कोंबडीचं पाणी ठेवलं. त्याने एक चमचा घेतला आणि तिच्याकडे पाहिलं.

"यात कोंबडी शिजवलीस, की नुसती आंघोळ घालून परत पाठवलीस?"

शेजारच्या बाकावरचे हमाल खो खो हसले.

"गप गिळ, कुया. वर ते कलामान्सी लिंबू पिळ."

"लुर्डेस आली होती ना?"

पुरिंग दुसऱ्या बाकावर वाढायला वळली. तो पुटपुटत जेवला. पण दुसऱ्या दिवशी परत आला. जाणार तरी कुठे? पुरिंग त्याच्यासाठी वेगळं पातेलं चढवू लागली. आज लसूण जास्त, उद्या चिंचेचा कोळ, परवा भाजलेला टोमॅटो. टोमॅटोही चालत नाही असं लुर्डेसने सांगितल्यावर तोही बंद केला. मिठावाचून चव आणायची म्हणजे हात बांधून पोहणं होतं. तेबान वाळत चालला होता. सदऱ्याची कॉलर मानेभोवती सैल पडली होती, आणि घोटे मात्र सुजलेले.

एका गुरुवारी तो दहालाच आला.

"आज डायलिसिस नाही का?" पुरिंगने विचारलं.

"मशीन बिघडलंय त्यांचं."

तिला ते पटवून घ्यायचं होतं, म्हणून पटलं. त्या दिवशी त्याच्या बायकोला जाऊन चार वर्षं झाली होती. चर्चमध्ये मेणबत्ती लावून तो तसाच आला होता. पुरिंगने अळणी वाटी पुढे ठेवली, त्याने ती हळूच बाजूला सारली. रागाने नाही. तेच तिला सोसलं नाही.

"पुरिंग, मी काही सारखं मागत नाही. आज एकदा दे. मशीनला चार-चार तास बांधून घेऊन जगतोय, ते हे गरम पाणी प्यायला?"

"लुर्डेसला शब्द दिलाय मी."

"तुझ्या आईने मला कधी उपाशी उठवलं नाही."

पुरिंग आत गेली. मग अर्धी वाटी दिनुगुआन आणि दोन पुतो घेऊन आली. तो सावकाश जेवला. पुतोच्या शेवटच्या तुकड्याने वाटी पुसून घेतली आणि ताठ चालत गेला.

शनिवारी तो आला नाही. दुपारी एका हमालाने सांगितलं, छातीत पाणी भरलं म्हणून त्याला इस्पितळात नेलंय. पुरिंग चूल विझवून तशीच निघाली.

लुर्डेस बाहेरच्या बाकड्यावर बसली होती. "स्टँडवरच्या गाड्यावर काहीतरी खाल्लं म्हणतात बाबा," ती म्हणाली. "माझं नशीब, तुमच्याकडे तरी सांभाळून खातात."

पुरिंगला गप्प राहता आलं असतं. तेबानने तिच्यासाठी वाट मोकळी करून ठेवली होती.

"स्टँडवर नाही गं. मी दिलं. गुरुवारी, अर्धी वाटी. आणि लवकर आला होता, मशीन बिघडलंय म्हणाला."

लुर्डेसने मान वर केली. "मशीन कुठलं बिघडलंय? मंगळवारी गेले नाहीत, गुरुवारी गेले नाहीत. मला आज कळतंय. डॉक्टर म्हणतात त्यानेच झालं." मग तिचा आवाज चिरला. "तुम्हाला गुरुवारीच कळलं होतं, आणि एक फोन नाही केलात? वाटी राहू दे तिया, फोन!"

वाटीबद्दल ती सारी वाट स्वतःला बोल लावत आली होती. फोनचं तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"तुम्ही घरी जा," लुर्डेस म्हणाली.

तेबान वाचला. अकरा दिवसांनी लुर्डेसने त्याला घरी आणलं, पण आता त्याला चार पावलं टाकवत नाहीत. डायलिसिसला ती स्वतः नेते, त्यासाठी दुपारची शाळा सोडलीय.

पुरिंग रोज अळणी कालवणाचा डबा घेऊन त्यांच्या फाटकाशी जाते. पहिला आठवडा फाटक उघडलंच नाही. डबा तिने कडीला अडकवला. आता लुर्डेस येते, डबा घेते, काल दिलेला धुऊन परत करते. आत या म्हणत नाही.

काल पुरिंगने धीर करून विचारलं, "जेवतो का गं?"

"दोन घास," लुर्डेस म्हणाली. फाटक लावता लावता थांबली. "उद्या आलं थोडं कमी घाला. त्यांच्या घशाला झोंबतं."

"घालते कमी," पुरिंग म्हणाली, आणि बाजाराच्या वाटेला लागली.